ट्रॉली उचलत नाही? पंप खोलायच्या आधी होज पाईपची जोडणी बघा

एरवी मी इथे फोनची बॅटरी, स्टोरेज, ओटीपीचे घोटाळे असल्या विषयांवर लिहितो. आज विषय ट्रॅक्टरचा आहे. पण घाबरू नका, फोन लागणारच आहे. टॉर्च, कॅमेरा आणि स्लो मोशन, तिन्ही.

गेल्या एप्रिलमध्ये मी गावी होतो, निफाड तालुक्यात. द्राक्षाचा माल निघून गेला होता, खरड छाटणीची तयारी आणि बागेत शेणखत टाकायचं काम एकदमच सुरू होतं. काकांकडे २४ एचपीचा मिनी ट्रॅक्टर आहे, मांडवाखालून दोन ओळींमधून आरामात जाणारा. त्याला मागे छोटी डंपिंग ट्रॉली. सकाळी साडेनऊला चुलत भावाचा फोन आला. "दादा, ट्रॉली उचलतच नाहीये. व्हिडिओ टाकलाय, बघ."

व्हिडिओ बघितला. भाऊ लिव्हर ओढतो, इंजिनाचा आवाज बसतो, कुठूनतरी चिरकल्यासारखी शिट्टी येते आणि शेणखताने भरलेली ट्रॉली ढिम्म. हाच व्हिडिओ त्याने एका मेकॅनिकलाही पाठवला होता. त्याचं उत्तर तयार होतं: "पंप गेलाय. खोलावा लागेल."

पंप गेला नव्हता. बिघाड होता जोडणीत, म्हणजे आपण रोज हाताने लावतो-काढतो त्या कपलरमध्ये. आणि हे फक्त आमच्याकडेच झालं असं नाही. हायड्रॉलिकचं काम अडलं की सगळ्यांची नजर आधी पंपाकडे जाते, कारण तो महाग असतो आणि दिसत नाही. समोर लोंबकळणारा पाईप मात्र कोणी नीट बघत नाही.

तेल जातं कुठून कुठे

आधी रस्ता समजून घेऊ. बहुतेक मिनी ट्रॅक्टरमध्ये हायड्रॉलिकला वेगळी टाकी नसते. गिअरबॉक्समधलंच तेल वापरलं जातं. सक्शन पाईपमधून ते पंपात येतं. पंप म्हणजे एकमेकांत अडकून फिरणारे दोन दातेरी गिअर. पंपातून तेल कंट्रोल व्हॉल्व्हकडे जातं, तिथून मागच्या कपलरला, कपलरमधून होज पाईपला आणि पाईपमधून ट्रॉलीच्या जॅकला. वाटेत एक रिलीफ व्हॉल्व्ह असतो. दाब ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला की तो उघडतो आणि तेल परत टाकीत सोडतो. व्हिडिओतली ती शिट्टी याच व्हॉल्व्हची.

दाब किती? कुकरची शिट्टी होते तेव्हा आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १ बार जास्त असतो. कारच्या टायरमध्ये २ ते २.५ बार. आणि या छोट्याशा ट्रॅक्टरच्या होज पाईपमध्ये? साधारण १५० ते २०० बार. १ बार म्हणजे १४.५ पीएसआय, बाकीचा गुणाकार तुम्हीच करा. ८ सेंटिमीटर व्यासाच्या जॅकमध्ये १५० बारने तेल घुसलं तर तो साधारण साडेसात टनांचा रेटा देतो. अंगठ्याएवढ्या जाडीच्या रबरी नळीतून एवढी ताकद जाते, हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं होतं.

ट्रॉलीचा जॅक बहुतेक वेळा एकमार्गी असतो. एकच पाईप. तेल आत गेलं की ट्रॉली वर. खाली येताना ट्रॉलीचं वजनच तेलाला त्याच पाईपमधून मागे ढकलतं. पलटी नांगराला किंवा लोडरला दोन पाईप लागतात, एक ढकलायला आणि एक ओढायला. त्याच्याकडे नंतर येतो.

पंप बरा आहे की नाही, दोन मिनिटांत

मी शेतात पोचलो तेव्हा भाऊ पाना शोधत होता. मी म्हटलं, थांब. आधी मागची थ्री-पॉइंट लिफ्ट वर घे. लिफ्टवर त्या वेळी रोटाव्हेटर नव्हता, ट्रॉली होती ड्रॉबारला, त्यामुळे लिफ्टचे हात मोकळेच होते. म्हणून भावाला आणि एका गड्याला त्यावर उभं करायचा विचार माझ्या मनात आला. तो काकांनी लगेच हाणून पाडला. त्याऐवजी आम्ही ट्रॉली सोडली, ट्रॅक्टर शेडमध्ये नेला आणि रोटाव्हेटर जोडला. लिफ्टने तो झटक्यात उचलला.

आमच्या ट्रॅक्टरमध्ये लिफ्टला आणि मागच्या कपलरला तेल देणारा पंप एकच आहे. बऱ्याच मिनी ट्रॅक्टरमध्ये तसंच असतं, तुमच्या मॅन्युअलमध्ये बघून घ्या. लिफ्ट जोमात उचलते म्हणजे पंप ठीक, तेलाची पातळी ठीक, सक्शन ठीक. राहिला तो कंट्रोल व्हॉल्व्हच्या पुढचा भाग.

दुसरी खूण आवाजाची. लिव्हर ओढल्यावर इंजिन दबतं आणि रिलीफ व्हॉल्व्ह शिट्टी मारतो, याचा अर्थ पंप दाब तयार करतोय, पण तेलाला पुढे जायला वाट नाही. पंप झिजला असता तर इंजिनाला फारसं कळलंही नसतं आणि शिट्टीही झाली नसती. म्हणजे ज्या व्हिडिओवरून "पंप गेलाय" असं सांगितलं गेलं, त्याच व्हिडिओतला आवाज पंप जिवंत असल्याचं ओरडून सांगत होता.

एक मात्र लक्षात ठेवा. शिट्टी वाजत असताना लिव्हर धरून बसू नका. तेल त्या अरुंद वाटेतून घुसताना भराभर तापतं. दोन-तीन सेकंद पुरे.

लागलाय असं वाटतं, पण लागलेला नसतो

क्विक कपलरचे दोन भाग. ट्रॅक्टरकडचा बाईचा भाग, त्याला आपण कपलर म्हणतो, आणि पाईपच्या टोकाला असतो तो निपल. दोघांच्याही तोंडाशी आत एकेक छोटा व्हॉल्व्ह असतो, कुठे गोळीचा तर कुठे टोकदार पॉपेटचा. निपल आत ढकलला की दोन्ही व्हॉल्व्ह समोरासमोर येऊन एकमेकांना मागे सारतात आणि वाट मोकळी होते. काढला की दोन्ही बंद, तेल सांडत नाही. डोकं कोणाचं होतं माहीत नाही, पण झकास चालवलं आहे.

आता गंमत बघा. पाईपच्या आत दाब अडकून राहिला असेल तर निपलचा व्हॉल्व्ह त्या दाबाने घट्ट मिटलेला असतो. तुम्ही जोर लावून निपल ढकलता. ट्रॅक्टरकडचा व्हॉल्व्ह सगळाच्या सगळा मागे सरकतो, निपलचा जागचा हलत नाही. कपलरची कडी 'टक्' करून बसते. बाहेरून बघणाऱ्याला सगळं व्यवस्थित दिसतं. आत मात्र एक दार बंदच आहे. लिव्हर ओढा, तेल त्या बंद दारावर धडकणार आणि रिलीफ शिट्टी मारणार. आमच्याकडे नेमकं हेच झालं होतं.

दाब अडकला कसा? इथे फोनची टॉर्च कामाला आली. ट्रॉलीच्या बाजूला लांब उभं राहून तिचा हौदा जिथे चेसिसवर टेकतो तिथे उजेड टाकला, तर फटीतून उजेड पलीकडे दिसत होता. अर्धा इंच फट. आदल्या दिवशी भावाने ट्रॉली खाली घेतली, ती पूर्ण टेकायच्या आत लिव्हर मधे सोडला आणि पाईप काढला. हौदा चेसिसवर न बसता जॅकवरच तोललेला राहिला. मग त्यात शेणखत भरलं. सगळं ओझं त्या जॅकमधल्या तेलावर, आणि ते तेल पाईपच्या निपलपर्यंत कोंडलेलं.

भरीला एप्रिलचं ऊन. तेल तापलं की फुगतं, आणि द्रव दाबला जात नाही. बंद, कडक पोलादी नळीत तेल असेल तर तापमान १ अंशाने वाढलं की दाब अंदाजे १० बारने वाढू शकतो. रबरी पाईप थोडा फुगतो म्हणून प्रत्यक्षात वाढ कमी होते, तरी सकाळी हाताने बसणारा निपल दुपारी का बसत नाही ते यातून कळतं. म्हणूनच ट्रॉली उभी करताना पाईप सावलीत ठेवा.

अशा वेळी गावोगाव एक उपाय चालतो: निपलच्या तोंडातली गोळी बोल्टने किंवा हातोडीने आत ठोकायची, म्हणजे तेल उडून दाब मोकळा. हे करू नका. अजिबात नाही. तेल किती जोराने आणि कुठे उडेल ते तुमच्या हातात नसतं, शिवाय गोळीच्या बैठकीवर ओरखडा पडला की तो निपल कायमचा गळका होतो.

आम्ही काय केलं? पाईपवर आणि जॅकवर ओली पोती टाकली आणि निम्मं शेणखत फावड्याने उतरवलं. होय, फावड्याने. ट्रॉली असून. भाऊ काय काय बोलला ते इथे छापता येणार नाही. ओझं कमी झालं, तेल थंड झालं, दाब उतरला आणि निपल हाताने आत गेला, या वेळी आवाजही वेगळा आला. याच कामासाठी अनुभवी मेकॅनिक निपलकडचा नट दोन पान्यांनी जेमतेम पाव आटा सैल करून, वर जाड फडकं गुंडाळून तेल झिरपू देतात. पण ते ज्याने शंभर वेळा केलंय त्याचंच काम. हौद्याखाली जाऊन जॅककडचा नट सोडायचा तर विचारही नको. अर्धा इंच फट असली तरी येणार तो अख्खा हौदाच.

खरा उपाय आदल्या दिवशीचा आहे. हौदा पूर्ण टेकेपर्यंत लिव्हर 'खाली' वर धरा. इंजिन बंद करा. मग लिव्हर दोन्ही बाजूंना चार-पाच वेळा हलवा, म्हणजे ट्रॅक्टरकडचाही दाब मोकळा होतो. त्यानंतरच पाईप ओढा.

आणि धूळ. निपल जमिनीवर घसटत राहिला की त्याच्या तोंडात माती बसते. ती तशीच आत गेली की गिअरबॉक्सच्या तेलात मिसळते, आणि मग पंप खरोखरच जातो. रबरी टोपी मिळते, ती लावा. टोपी हरवली असेल तर निपल स्वच्छ पिशवीत घालून रबरबँड लावा. जोडायच्या आधी दोन्ही तोंडं सुती फडक्याने पुसा. लोकरी किंवा धागे सुटणारं फडकं नको.

मी केलेला मूर्खपणा

ट्रॉली उचलली. सगळे खूश. पाईपच्या क्रिम्पिंगजवळ, म्हणजे रबर जिथे धातूच्या टोपीत दाबलेलं असतं तिथे, मला हलकी वाफ उठल्यासारखी दिसली. उन्हात तेलाचा बारीक धूर. कुठून येतंय ते बघायला मी बोट पुढे केलं.

काकांनी माझ्या मनगटावर इतक्या जोरात चापट मारली की फोन खाली पडला. "हात तोडून घ्यायचाय का?"

काका तरुणपणी एका वर्कशॉपमध्ये कामाला होते. तिथल्या एकाने असंच पाईपवरून बोट फिरवलं होतं. टाचणी टोचल्यासारखं वाटलं, म्हणाला. रक्ताचा एक ठिपका. त्याने पाळी पूर्ण केली, सायकलवरून घरी गेला. रात्री हात सुजला. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेला तोवर उशीर झाला होता, दोन बोटं काढावी लागली.

हे ऐकीव वाटेल, पण यामागचं कारण पक्कं आहे. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून १५० बारने निघणारी तेलाची धार इंजेक्शनसारखी कातडीतून आत जाते. त्वचा भेदायला ७ बारच्या आसपासचा दाबही पुरतो, असं सुरक्षेच्या माहितीपत्रकांत सांगितलेलं असतं. म्हणजे ट्रॅक्टरच्या पाईपमध्ये त्याच्या वीसपट. आत गेलेलं तेल स्नायूबंधाच्या कडेने पुढे सरकतं, मांस आतून मरायला लागतं आणि सूज रक्तपुरवठा बंद करते. वर जखम दिसते एवढीशी. सुरुवातीला दुखतही नाही, आणि तिथेच माणूस फसतो. जाड हातमोजे घातले तरी ही धार अडत नाही.

असं कोणाला झालं तर दुखायची वाट बघू नका. चोळू नका, शेकू नका, दाबून तेल काढायचा प्रयत्न करू नका. १०८ ला फोन करा किंवा गाडी काढून सर्जन असलेल्या मोठ्या रुग्णालयात जा. ऑपरेशन लागण्याची शक्यता असते, म्हणून वाटेत काही खाऊ-पिऊ नका. आणि पोचल्यावर "बोटाला टोचलंय" असं सांगू नका, "जास्त दाबाचं हायड्रॉलिक तेल कातडीखाली गेलंय" असंच सांगा, कारण साध्या टोचल्याला मलमपट्टी करून घरी पाठवतील. निघताना तेलाच्या डब्यावरच्या लेबलचा फोटो काढून घ्या, आत काय गेलंय ते डॉक्टरांना कळतं.

मग गळती शोधायची कशी? पुठ्ठ्याने. द्राक्षाच्या गावात पुठ्ठ्याची काय कमतरता. पेटीचा एक लांब तुकडा लाकडी काठीला लावायचा आणि पाईपपासून थोडा दूर धरून हळूहळू सरकवायचा. जिथे धार असेल तिथे पुठ्ठ्यावर ओला ठिपका उमटतो. चष्मा हवाच. दुसरा माणूस लिव्हरवर. तुम्ही लांबून, झूम करून, स्लो मोशनमध्ये व्हिडिओ घ्या. उन्हाकडे तोंड करून घेतला तर धूर जास्त स्पष्ट दिसतो. आमच्या व्हिडिओत क्रिम्पिंगच्या कडेला रबराला पडलेली चीर स्पष्ट दिसली.

अशा चिरेवर टेप, सायकलची ट्यूब, एम-सील, काहीही चालत नाही. पाईप बदलायचा, विषय संपला.

दुकानात गेल्यावर

जुना पाईप सोबत न्या. त्याआधी त्यावर छापलेल्या ओळीचा फोटो काढा. धूळ पुसून टॉर्च तिरकी मारली की पुसट अक्षरंही वाचता येतात. तिथे 'ईएन ८५३' आणि पुढे '१एसएन' किंवा '२एसएन' असं असतं. १एसएन म्हणजे रबराच्या आत तारेची एक जाळी, २एसएन म्हणजे दोन. अर्ध्या इंचाच्या पाईपला १एसएनची कामाची मर्यादा १६० बार, २एसएनची २७५ बार. ट्रॅक्टरचा रिलीफ १८० बारला उघडत असेल तर एका जाळीचा पाईप कमीच पडणार, दुकानदार कितीही "सगळे हाच नेतात" म्हणाला तरी. पाईप प्रत्यक्षात फुटायची मर्यादा याच्या चौपट ठेवलेली असते, पण ती चौपट रोजच्या धक्क्यांसाठी आहे, आपल्या काटकसरीसाठी नाही. ओळीत तारीखही असते, '२क्यू२४' म्हणजे २०२४ ची दुसरी तिमाही. दुकानात उन्हात टांगलेला चार-पाच वर्षांपूर्वीचा पाईप नव्याच्या भावात घेऊ नका.

आता आट्यांचा घोळ. आमचा अर्धा दिवस यातच गेला. फिटिंगचा आटा व्हर्नियरने मोजला तर जवळजवळ २१ मिलिमीटर भरला. भाऊ म्हणाला, हा तर पाऊण इंचापेक्षाही मोठा. पण हा अर्धा इंच बीएसपी. हे नाव जुन्या काळच्या लोखंडी पाईपच्या आतल्या भोकावरून पडलंय, बाहेरच्या मापाशी त्याचा संबंध नाही. तसंच तीन-अष्टमांश बीएसपी बाहेरून साधारण १६.७ मिलिमीटर भरतो.

याहून वाईट म्हणजे अर्धा इंच बीएसपी आणि अर्धा इंच एनपीटी, दोघांनाही इंचात १४ आटे. एकाचा आट्याचा कोन ५५ अंश, दुसऱ्याचा ६०. एकमेकांत ते दोन-तीन फेरे मजेत बसतात, मग घट्ट होतात, आणि आपल्याला वाटतं झालं काम. दाब आला की गळायला लागतात. नट हाताने शेवटपर्यंत फिरत गेला पाहिजे. पान्याची गरज शेवटच्या पाव-अर्ध्या फेऱ्यालाच. आधीच पाना लागत असेल तर थांबा, आटा चुकलाय.

क्विक कपलरचंही तेच. शेतीच्या अवजारांना आयएसओ ७२४१ ची 'ए' मालिका जास्त दिसते, कारखान्यांत 'बी'. दिसायला सख्खी भावंडं, पण एकमेकांत बसत नाहीत. म्हणून "अर्धा इंची निपल द्या" एवढं सांगून भागत नाही. ट्रॅक्टरकडच्या कपलरवरच्या नंबरचा फोटो दाखवा.

टेफ्लॉन टेपबद्दल माझं मत काही प्लंबर मित्रांना पटत नाही, तरी सांगतो. नळाला ठीक आहे. पण बीएसपीच्या सरळ आट्याला गळती थांबवण्याचं काम आटे करतच नाहीत. ते काम करतो खालचा वॉशर, धातूच्या कड्यात रबर बसवलेला, दुकानात डाउटी वॉशर म्हणून मिळतो. होजच्या नटाला आतला शंकू. काही ठिकाणी ओ-रिंग. टेप तिथे निरुपयोगी, वर तिचे तुकडे सुटून कंट्रोल व्हॉल्व्हमध्ये अडकतात. आमच्या जुन्या फिटिंगवर कोणीतरी भरपूर टेप गुंडाळली होती. काढताना तिच्या चिंध्या निघाल्या. वॉशर नवा टाकला, जुना पुन्हा वापरला नाही. एवढ्याशा वॉशरसाठी कशाला कंजुषी.

पाईप लावताना पाईपवर छापलेली ती ओळ सरळ राहिली पाहिजे. ती जिन्यासारखी गोल फिरलेली दिसली तर पाईप पिळलाय. म्हणून नेहमी दोन पाने: एकाने फिटिंग धरायचं, दुसऱ्याने नट आवळायचा. लांबीत थोडी ढील ठेवा, दाब आला की पाईप किंचित आखडतो. ट्रॅक्टर वळताना तो चाकाला किंवा पीटीओ शाफ्टला लागत नाही ना, तेही एकदा पूर्ण वळण घेऊन बघा.

दोन पाईप असतील तर

पलटी नांगराचे दोन पाईप उलटसुलट लागले तर फार बिघडत नाही, लिव्हर उलटा चालतो एवढंच. पण एकच पाईप नीट बसला आणि दुसरा अर्धवट, तर मामला गंभीर. सिलिंडरच्या मागच्या बाजूला तेल ढकलतंय, पुढच्या बाजूचं तेल बाहेर पडू शकत नाही. पुढच्या बाजूला मधे रॉड असल्यामुळे क्षेत्रफळ कमी. समजा निम्मं असेल, तर मागे १५० बार असताना पुढे ३०० बार तयार होतात. रिलीफ व्हॉल्व्ह तिथे वाचवायला नाही, तो ट्रॅक्टरकडे आहे. सील किंवा पाईप, जे कमजोर ते आधी जातं. म्हणून जोडीला एकाच रंगाचे केबल टाय लावा: लाल-लाल, पिवळा-पिवळा. आणि पहिल्यांदा नीट चालेल तेव्हा एक फोटो काढून ठेवा.

गळत नाही, पण आवाज करतो

एक प्रकार असा आहे ज्यात थेंबभरही तेल बाहेर पडत नाही. पंपाच्या आधीचा सक्शन पाईप. तिथे तेल ढकललं जात नाही, ओढलं जातं. क्लॅम्प सैल असेल तर तेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. लिफ्ट धक्के खात उचलते, पंप कुरकुरतो आणि डिपस्टिकवर तेल फेसाळलेलं दिसतं. फेस थोड्या वेळाने बसला तर हवा. दुधी रंग तसाच राहिला तर पाणी शिरलंय, तेल बदलावं लागेल. क्लॅम्प आवळून बघणं हे अगदी फुकटातलं काम आहे, तेवढं तरी मेकॅनिकला बोलवायच्या आधी करा.

आमचा नवा पाईप दुसऱ्या दिवशी दुपारी लागला. इंजिन हळू चालवून रिकामी ट्रॉली तीन-चार वेळा वर-खाली केली, पाईपमधली हवा निघाली. पुठ्ठा फिरवला, कोरडा. भावाने डिपस्टिक काढली, तेल कमी दिसलं म्हणून उत्साहाने लिटरभर ओतलं. ट्रॉली तेव्हा वरच होती. म्हणजे कमी वाटलेलं तेल जॅकमध्ये होतं. संध्याकाळी ट्रॉली खाली घेतली तसं ते सगळं गिअरबॉक्समध्ये परत आलं आणि ब्रीदरमधून तेल वाहायला लागलं. "दादा, आता हे कुठून गळतंय?" म्हणत तो पुठ्ठा घेऊन आला.